टनेज, उतारा आणि ताटातले लोह

कोल्हापूर जिल्ह्यातील उसाच्या शिवारात गेली अनेक वर्षे ज्या वाणाचा दबदबा आहे, त्या को ८६०३२ ची वंशावळ पाहिली तर ती तमिळनाडूतील कोइमतूरच्या ऊस पैदास केंद्रावर थांबत नाही. त्याच्या जनकांपैकी एक कोसी ६७१. या कोसी ६७१ चा एक जनक ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड प्रांतातला क्यू ६३, दुसरा को ७७५. आणि को ७७५ च्या मागे उभा आहे जावा बेटावर १९२१ मध्ये तयार झालेला पीओजे २८७८. त्याआधीच्या पिढीने लावलेला को ४१९ हाही याच जावा उसाचा वंशज. १९१२ मध्ये कोइमतूरला ऊस पैदास केंद्र सुरू झाले, तिथल्या बार्बर आणि वेंकटरामन या शास्त्रज्ञांनी रानटी उसाशी संकर करून नवे वाण काढले, ते वाण पुढे जगभर गेले आणि जगभरचे वाण इकडे आले. आपल्या जिल्ह्यातील कारखानदारी, तिच्यावर उभे राहिलेले सहकाराचे राजकारण आणि खेडोपाडी दिसणारी सुबत्ता यांच्या मुळाशी असा अनेक देशांचा व्यवहार आहे. त्यामुळे आंतरराष्ट्रीय कृषी संशोधन म्हणजे दिल्ली-हैदराबादच्या परिषदांत बोलायचा विषय, असे कोल्हापूरच्या माणसाने तरी समजू नये.

साखरेसाठी हे ज्ञान आणि बेणे बांधापर्यंत पोहोचले, याचे कारण सगळ्यांचे माप एक होते. शेतकऱ्याला एकरी टनेज हवे होते, कारखान्याला उतारा, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचे प्रमाण, हवा होता, आणि संशोधकाच्या कामाचा निकाल पुढच्या गळीत हंगामात काट्यावर दिसत होता. माणसाच्या पोषणाचे माप मात्र शेती संशोधनाला आपण लावलेच नाही. पीक किती आले हे कृषी विभाग मोजतो, रक्त किती आहे हे आरोग्य विभाग मोजतो, आणि या दोन आकड्यांची गाठ कोणत्याही कागदावर पडत नाही. शेती, पोषण आणि आरोग्य यांना जोडणाऱ्या आंतरराष्ट्रीय भागीदारीची चर्चा बहुधा निधी आणि करार यांच्याभोवती फिरते. माझे म्हणणे त्याहून साधे आहे. अशी भागीदारी तेव्हाच फळते, जेव्हा तिच्या स्थानिक टोकाला शेतीची आणि आरोग्याची माणसे एकाच निकालाला बांधलेली असतात. कोल्हापुरात हे टोक सुटे आहे, आणि ते बांधण्यासाठी परदेशी निधीची वाट पाहण्याचे कारण नाही.

ज्या जावाने आपल्याला ऊस दिला, त्याच जावाने जगाला आहारशास्त्राचा एक मोठा धडाही दिला होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथे काम करणाऱ्या आइकमन या डच डॉक्टरला आढळले की, पॉलिश केलेल्या तांदळावर ठेवलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि कोंड्यासकट तांदूळ दिला की त्या बऱ्या होतात. माणसाचे हातपाय लुळे पाडणाऱ्या बेरीबेरी या रोगाचे कोडे त्यातून सुटत गेले आणि १९२९ मध्ये आइकमन यांना नोबेल मिळाले. भारतात १९१८ मध्ये तमिळनाडूतील कुन्नूरला मॅककॅरिसन या ब्रिटिश डॉक्टरांनी याच रोगाच्या अभ्यासासाठी एक लहानसे केंद्र काढले. आज हैदराबादेत असलेली राष्ट्रीय पोषण संस्था ही त्याचीच वाढ आहे. मॅककॅरिसन यांनी केवळ औषधांचा विचार केला नाही. कोणत्या खतावर वाढलेल्या धान्यात किती पोषण उतरते, हाही प्रश्न त्यांनी प्रयोगशाळेत घेतला होता. म्हणजे शेत आणि शरीर यांचा एकत्र विचार या देशात शंभर वर्षांपूर्वी सुरू झाला होता. पुढे शेती एका मंत्रालयाकडे गेली, आरोग्य दुसऱ्याकडे, बालकांचा आहार तिसऱ्याकडे. हरितक्रांतीच्या काळात पोट भरण्याचा प्रश्न इतका तातडीचा होता की, त्या वाटणीबद्दल कोणाला दोष द्यावा असेही नाही. पण ती तातडी संपून पन्नास वर्षे होत आली तरी वाटणी तशीच आहे.

तिचा परिणाम आकड्यांत दिसतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत, २०१५-१६ मध्ये, महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ४८ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला होता. पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, हे प्रमाण ५४.२ टक्के झाले. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांत ते ५३.८ वरून ६८.९ टक्क्यांवर गेले. पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने खुरटलेली होती, आणि या आकड्यात दोन फेऱ्यांमध्ये काही सुधारणा झालेली नव्हती. बोट टोचून घेतलेल्या थेंबावरच्या तपासणीत रक्तक्षयाचे प्रमाण फुगून दिसते, असा काही तज्ज्ञांचा आक्षेप आहे आणि तो गंभीरपणे घ्यावा असाच आहे. तरीही आकडा थोडाफार खाली आणला म्हणून चित्र पालटत नाही. धान्याची कोठारे भरलेली असताना, दूध आणि साखर यांच्यात राज्य अग्रेसर असताना, निम्म्याच्या आसपास स्त्रियांच्या अंगात पुरेसे रक्त नसावे, हे केवळ आरोग्य खात्याचे अपयश मानता येणार नाही. आपण काय पिकवतो आणि त्यातले काय खातो, याचाही तो हिशेब आहे.

हा हिशेब संशोधनाने बदलता येतो का, याचे सर्वांत चांगले उदाहरण महाराष्ट्रातच घडले आहे आणि त्याची कथा सविस्तर सांगण्यासारखी आहे. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील टोगो या लहान देशाच्या उत्तरेला टपोऱ्या दाण्याची, लवकर येणारी इनियाडी नावाची बाजरी पिढ्यान्‌पिढ्या पिकवली जात होती. तिचे बियाणे हैदराबादजवळ पटनचेरू येथील इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या संग्रहात आले. त्यातून निवड करून काढलेला आयसीटीपी ८२०३ हा वाण १९८८ मध्ये महाराष्ट्र आणि आंध्रात प्रसारित झाला आणि दुष्काळी पट्ट्यातील शेतकऱ्यांनी तो त्याच्या टपोऱ्या दाण्यासाठी उचलला. त्यात लोह जास्त आहे, हे तेव्हा कोणी पाहिलेही नव्हते. २००० नंतर हार्वेस्टप्लस या आंतरराष्ट्रीय कार्यक्रमाने पिकांच्या दाण्यातच लोह, जस्त आणि अ जीवनसत्त्व वाढवण्याचे काम हाती घेतले, तेव्हा संग्रहातील वाणांची तपासणी झाली आणि ही बाजरी वरच्या रांगेत निघाली. त्याच वाणातून अधिक लोहाची झाडे निवडत नेऊन 'धनशक्ती' तयार झाली. तिच्या किलोभर दाण्यात ७० मिलीग्रॅमच्या आसपास लोह असते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या सहभागाने २०१२ मध्ये ती महाराष्ट्रात प्रसारित झाली. टोगोच्या शेतकऱ्याने सांभाळलेले बियाणे, पटनचेरूच्या शास्त्रज्ञांनी केलेली निवड आणि राहुरीच्या विद्यापीठाने घेतलेली जबाबदारी, यांतील एकही दुवा निखळला असता तर हे झाले नसते.

तरीही इथवरची गोष्ट शेतीचीच आहे. दाण्यात लोह आहे म्हणून ते अंगी लागेलच असे नाही, कारण बाजरीत फायटेट नावाचे घटकही भरपूर असतात आणि ते लोहाला आतड्यात धरून ठेवतात. या शंकेचे उत्तर डॉक्टरांनी द्यावे लागते, आणि ते ज्या ठिकाणाहून आले ते कोल्हापूरहून दोन-अडीच तासांच्या अंतरावर आहे. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टरांनी अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाच्या संशोधकांबरोबर उत्तर कर्नाटकातील लहान बालकांना या प्रकारच्या बाजरीचे पदार्थ खाऊ घातले आणि खुणा केलेल्या लोह-जस्ताच्या अणूंच्या साहाय्याने किती भाग खरोखर शोषला गेला ते मोजले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, रोजच्या गरजेपेक्षा जास्त लोह आणि जस्त बालकांच्या शरीराने घेतले. त्यानंतर महाराष्ट्रात १२ ते १६ वर्षांच्या २४६ विद्यार्थ्यांवर मोठी चाचणी झाली. काहींना लोहसमृद्ध बाजरीची आणि काहींना साध्या बाजरीची भाकरी दिवसातून दोन वेळा देण्यात आली. कोणाच्या ताटात कोणती भाकरी आहे हे मुलांना ठाऊक नव्हते. चार महिन्यांत पहिल्या गटाच्या शरीरातील लोहाचा साठा वाढला, आणि ज्यांच्यात सुरुवातीला लोहाची कमतरता होती त्यांची ती सहा महिन्यांत भरून निघण्याची शक्यता दुसऱ्या गटाच्या दीडपटीहून अधिक ठरली. पुढे याच चाचणीतील मुलांच्या एकाग्रतेत आणि स्मरणशक्तीतही फरक नोंदला गेला.

या चाचणीत औषध नव्हते, गोळी नव्हती, नवा पदार्थही नव्हता. मुले जी भाकरी एरवी खातात तीच त्यांनी खाल्ली. माझ्या मते या प्रयोगाचे मोल लोहाच्या आकड्यापेक्षाही यात आहे की, तवा आणि परात न बदलता पोषण बदलता येते हे त्याने दाखवले.

आणि या पुराव्याचे पुढे धोरण झाले, ही गोष्ट तर अधिक महत्त्वाची. २०१८ पासून देशात बाजरीचा कोणताही नवा वाण प्रसारित करायचा असेल तर त्याच्या किलोभर दाण्यात किमान ४२ मिलीग्रॅम लोह आणि ३२ मिलीग्रॅम जस्त असलेच पाहिजे, अशी अट भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या अखिल भारतीय बाजरी प्रकल्पाने घातली. उत्पन्न आणि रोगप्रतिकार यांच्याबरोबर पोषणही वाणाच्या परीक्षेचा विषय झाला. एखाद्या पिकासाठी अशी अट घालणारा भारत हा पहिला देश आहे. असा नियम एकदा झाला की शेतकऱ्याला काही समजावून सांगावे लागत नाही, त्याने घेतलेल्या पिशवीत पोषण आपोआप येते. ज्वारी, नाचणी, भात आणि गहू यांना असा नियम का नसावा, हा प्रश्न खरे तर आपल्या विद्यापीठांनी आणि लोकप्रतिनिधींनी विचारायला हवा.

या यशालाही मर्यादा आहेत. बाजरीचे पीठ आठ-दहा दिवसांत कडवट होते, त्यामुळे दुकानात ते भरून ठेवता येत नाही. बाजारात लोहाच्या बाजरीला वेगळा भाव मिळत नाही, कारण दाणा बघून लोह कळत नाही. आणि कोल्हापुरात तर बाजरीची भाकरी संक्रांतीच्या सुमारास आवडीने खाल्ली जाते, एरवी तिचा संबंध नाही. आमच्याकडे पूर्वेला ज्वारी, पश्चिमेला भात आणि नाचणी. त्यामुळे धनशक्ती आणून इथल्या अंगणवाडीत वाटा, असे म्हणणे वेडेपणाचे ठरेल. घ्यायची ती तिची पद्धत.

ती पद्धत लावायला नाचणीइतके योग्य पीक आपल्याकडे दुसरे नाही. गगनबावडा, शाहूवाडी, राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड या तालुक्यांच्या वरकस उतारांवर, जिथे ऊस जाऊ शकत नाही, तिथे नाचणी पिकते. तिच्या १०० ग्रॅम दाण्यात साडेतीनशे मिलीग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. तेवढ्याच पांढऱ्या तांदळात ते दहा मिलीग्रॅमही नसते. कोल्हापूरच्या शेंडा पार्कातील विभागीय कृषी संशोधन केंद्राने नाचणीवर वर्षानुवर्षे काम केले आहे. 'फुले नाचणी' म्हणजे केओपीएन २३५ आणि 'फुले कासारी' म्हणजे केओपीएन ९४२ हे वाण इथलेच. नावातील पहिली अक्षरे कोल्हापूरचीच आहेत. वरीचा 'फुले एकादशी' हा वाणही इथलाच. तेव्हा बियाण्यासाठी आपल्याला कोणाच्या दारात जायचे नाही. उणीव आहे ती बेळगावात जे झाले त्याची, म्हणजे हे धान्य खाणाऱ्या माणसाच्या शरीरात पुढे काय होते ते मोजण्याची.

हे मोजमाप का लागते, ते एका साध्या घरगुती कृतीवरून लक्षात येईल. बाळाला देण्यासाठी नाचणीचे सत्त्व करताना नाचणी रात्रभर भिजवतात, पाणी निथळून फडक्यात घट्ट बांधून ठेवतात आणि दीड-दोन दिवसांत तिला पांढुरके मोड आले की सावलीत वाळवून, मंद आचेवर भाजून दळतात. यात शास्त्र आहे. मोड येताना फायटेट कमी होते, आणि मोडाच्या दाण्यातील विकर (एन्झाइम) पिष्टाचे विघटन करत असल्याने पेज पातळ राहूनही तिच्यात जास्त पीठ मावते, जे लहान पोटाच्या बाळासाठी फार मोलाचे आहे. पण याच कृतीची शेवटची पायरी म्हणजे पीठ वस्त्रगाळ करणे, आणि नाचणीचे कॅल्शियम मोठ्या प्रमाणात दाण्याच्या सालीत असते. फडक्यावर उरलेला तांबूस कोंडा आपण टाकतो किंवा म्हशीपुढे ठेवतो, तेव्हा किती कॅल्शियम बाळाच्या वाटीतून जाते? किती बारीक दळले म्हणजे गाळावे लागणार नाही आणि बाळाला पचेलही? हा प्रश्न एकट्या शेतीशास्त्रज्ञाचा नाही आणि एकट्या डॉक्टरचाही नाही. त्यासाठी वाण माहीत असलेला, पिठाची गिरणी माहीत असलेला आणि बालरोग माहीत असलेला, असे तिघे एका टेबलाशी बसावे लागतात.

कोल्हापुरात ते बसू शकतात, कारण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा परिसरही त्याच शेंडा पार्कात उभा राहिला आहे. एका आवारात नाचणीचे वाफे आणि जवळच्या दुसऱ्या आवारात रक्त तपासणारे विभाग, अशी सोय देशात फार थोड्या जिल्ह्यांना आहे. टोगो ते कोलोरॅडो एवढे अंतर जुळवता येत असेल तर शेंडा पार्कातला रस्ता ओलांडता यायला हरकत नसावी.

परदेशी भागीदारीबद्दल आपल्याकडे जी शंका घेतली जाते ती निराधार नाही. हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर अमेरिकेत १९९५ मध्ये पेटंट दिले गेले होते आणि ते १९९७ मध्ये भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने लढून रद्द करवले, ही आठवण अजून ताजी आहे. आपले बियाणे त्यांच्या संग्रहात आणि त्यांचे पेटंट आपल्या डोक्यावर, ही भीती शेतकरी चळवळीत वाढलेल्या या जिल्ह्यात बोलून दाखवली जाणारच. परंतु आता या व्यवहाराला कायद्याची चौकट आहे. वनस्पती जनुकीय संपत्तीविषयीचा आंतरराष्ट्रीय करार २००४ पासून लागू आहे, आणि बाजरी, नाचणी, भात, रताळे ही पिके त्याच्या सामायिक यादीत आहेत. या यादीतील बियाणे ठराविक अटींवर कोणत्याही सदस्य देशाला मिळते आणि मिळालेल्या रूपात त्याच्यावर मालकी सांगता येत नाही. ऊस आणि भुईमूग मात्र त्या यादीत नाहीत, हे आपल्या जिल्ह्याने लक्षात ठेवण्यासारखे आहे. देशात २००१ चा वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा शेतकऱ्याला आपल्या पिकाचे बी राखण्याचा, पुन्हा पेरण्याचा, देण्या-घेण्याचा आणि ब्रँडचे नाव न लावता विकण्याचाही हक्क देतो. म्हणून भागीदारी करताना दोनच गोष्टींवर अडून बसावे: वाण सार्वजनिक संस्थेच्या नावावर राहील, आणि माणसांवर केलेल्या चाचणीची सर्व माहिती इथल्या संस्थेकडेही राहील. यावर जो राजी नाही त्याला नमस्कार करावा.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. लोहाच्या गोळ्या आहेत, रेशनवर पोषणवर्धित तांदूळही आला, मग पिकात लोह आणण्याचा एवढा खटाटोप कशाला? गोळीला माझा विरोध नाही. गरोदर स्त्रीला ती हवीच. पण गोळीने मळमळते म्हणून ती डब्यात पडून राहते हे कोणतीही आशाताई सांगेल, आणि तांदळात बाहेरून मिसळलेले दाणे वेगळे दिसतात म्हणून निवडताना 'प्लास्टिकचा तांदूळ' समजून फेकले जातात, हेही आपण ऐकले आहे. शिवाय दोन्हींचा खर्च दरवर्षी नव्याने करावा लागतो. वाणात आलेले लोह मात्र एकदा खर्च करून पुढच्या प्रत्येक हंगामात मिळत राहते.

तिसरा आक्षेप पोषणतज्ज्ञांचा आहे आणि मला तो सर्वांत जास्त पटतो. त्यांचे म्हणणे असे की, एका धान्यात सगळे कोंबण्याच्या नादात ताटातील विविधता विसरली जाते. भाकरीत लोह आहे म्हणून सरकारने डाळ, अंडे आणि पालेभाजी यांवरचा हात आखडता घेतला, तर ती फसवणूक ठरेल. ब्रिटिश निधीतून चाललेल्या एका दक्षिण आशियाई कार्यक्रमात स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठानने २०१३ ते २०१८ या काळात आपल्या वर्धा जिल्ह्यात आणि ओडिशातील कोरापुटमध्ये याच विचाराने काम केले होते. तिथे एका पिकाऐवजी सगळी शेतीपद्धत पोषणाच्या अंगाने मांडली गेली. कडधान्ये, परसबाग, कोंबड्या, मासे आणि त्यांच्या जोडीला आहाराची माहिती. सोपा आणि खर्चिक नसलेला मार्ग म्हणून सुधारित वाण आधी, पण त्याच्या मागोमाग हे सगळे, असा क्रम मला योग्य वाटतो.

रताळ्याचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. आफ्रिकेत मोझांबिक आणि युगांडामध्ये केशरी गराच्या रताळ्याने बालकांतील अ जीवनसत्त्वाची कमतरता कमी करता येते हे सिद्ध झाले आणि त्या कामासाठी आंद्रादे, म्वांगा, लो आणि हार्वेस्टप्लसचे बोइस या शास्त्रज्ञांना २०१६ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. तिथे वेल वाटणारे आणि आयांना बाळाच्या आहाराबद्दल सांगणारे एकाच पथकात होते. आपल्याकडे चंदगड आणि त्याला लागून असलेला बेळगाव तालुका रताळ्यासाठी प्रसिद्ध आहे, केंद्रीय कंदपिके संशोधन संस्थेने 'भू सोना' हा केशरी वाण दिलेलाही आहे. पण आपल्या बाजारात रताळ्याला मागणी आषाढी एकादशीला आणि महाशिवरात्रीला. वरीचेही तेच. पौष्टिक खायचे तर आपल्याला उपवास धरावा लागतो, ही मौज आहारशास्त्राच्या कोणत्या पुस्तकात सापडेल कोण जाणे. ही सवय संशोधन केंद्र बदलू शकत नाही. शाळेचा पोषण आहार, अंगणवाडी आणि घरोघरी जाणारी आशाताई यांनाच ती बदलता येईल.

पोषणात फक्त काय घालायचे एवढेच येत नाही, काय जाऊ द्यायचे नाही हेही येते. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अचानक मेले आणि कारण निघाले ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीवरील बुरशीचे विष, म्हणजे अफ्लाटॉक्सिन. हे विष रंगावरून वा वासावरून कळत नाही, नेहमीच्या भाजण्या-शिजवण्याने पुरते जात नाही, आणि यकृताच्या कर्करोगाशी त्याचा संबंध सिद्ध झालेला आहे. कोल्हापूरला हा विषय दोन बाजूंनी भिडतो. एक म्हणजे आमच्या स्वयंपाकात शेंगदाण्याच्या कुटावाचून पान हलत नाही, आणि खरिपाच्या शेंगा काढणीच्या वेळी परतीच्या पावसात भिजतात. दुसरे म्हणजे विष असलेली पेंड म्हशीने खाल्ली तर त्याचा अंश दुधात उतरतो. गंगावेशीच्या कट्ट्यावर डोळ्यांदेखत काढलेल्या धारोष्ण दुधाचा पेला तोंडाला लावताना आपण म्हशीची तब्येत बघतो, दुधाचा फेस बघतो. तिने सकाळी खाल्लेली पेंड कोणत्या पोत्यातली होती ते विचारत नाही. भारतीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने दुधातील या विषाला किलोमागे अर्धा मायक्रोग्रॅमची मर्यादा घातली आहे. ती पाळायची तर तपासणी दूध संघाच्या टाकीवर करून भागत नाही, ती पेंडीच्या गोदामापासून आणि शेंगा वाळवण्याच्या खळ्यापासून करावी लागते. इथे आंतरराष्ट्रीय सहकार्याचा फायदा आधीच झालेला आहे. इक्रिसॅटच्या शास्त्रज्ञांनी स्वस्त तपासणी संच विकसित केले आणि त्यांच्या आधारे आफ्रिकेतील मलावीच्या लहान शेतकऱ्यांच्या संघाने युरोपच्या बाजारात आपल्या शेंगा पुन्हा पाठवल्या. आपणही निर्यातीचा माल काटेकोरपणे तपासतो. जो माल परत येऊन शाळेच्या चिक्कीत जातो, त्याची तपासणी तितकीच काटेकोर असली पाहिजे.

आता पैशाचा प्रश्न. परदेशी निधीवर विसंबून राहणे किती धोक्याचे आहे, हे २०२५ ने दाखवले. परदेशांना मदत देणाऱ्या अमेरिकेच्या यूएसएड या सरकारी संस्थेचा निधी वर्षाच्या सुरुवातीलाच गोठवला गेला, १ जुलैला ती संस्था बंद झाली, आणि तिच्या पैशावर अमेरिकन विद्यापीठांतून चालणारे शेती-पोषणाचे अनेक प्रकल्प अर्ध्यावर थांबले. वर्ध्यातला अभ्यासही निधीचा काळ संपला तेव्हा संपला. बाहेरच्या मदतीतून टिकाऊ काही उभे करता येते, याचा दाखला मात्र आपल्याच दूधधंद्यात आहे. १९७० मध्ये सुरू झालेल्या दूधमहापुराच्या (ऑपरेशन फ्लड) योजनेला युरोपने जागतिक अन्न कार्यक्रमामार्फत दूध भुकटी आणि बटर ऑइल फुकट दिले होते. ते तसेच वाटले असते तर इथल्या गवळ्यांचा धंदा बसला असता. योजनेचे प्रमुख वर्गीस कुरियन यांनी ते विकून आलेला पैसा दूध संघ, शीतकरण केंद्रे आणि वाहतूक उभारण्यात घातला. आमचा गोकुळ दूध संघ त्याआधीचा, १९६३ चा. म्हणजे मदत घ्यायला हात इथे अगोदरच तयार होते. संशोधनाच्या भागीदारीतही हाच क्रम असावा. आधी इथली संस्था आणि इथला थोडा तरी पैसा, मग बाहेरचे ज्ञान आणि उपकरणे.

जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून, साखर कारखान्यांच्या आणि दूध संघाच्या थोड्या वाट्यातून एक मर्यादित काम सुरू करणे अशक्य नाही. गगनबावडा आणि शाहूवाडीतील काही अंगणवाड्या घ्याव्यात. शेंडा पार्कच्या केंद्राने वाण आणि दळण्याची पद्धत ठरवावी, गावातील बचत गटाने मोड आणून सत्त्व करावे आणि त्याचा योग्य मोबदला घ्यावा, वैद्यकीय महाविद्यालयाने नैतिक समितीची परवानगी आणि पालकांची संमती घेऊन मुलांची वाढ आणि रक्त तपासावे. राष्ट्रीय पोषण संस्था, इक्रिसॅट आणि बेळगाव-कोलोरॅडोच्या गटासारखे अनुभवी लोक यांच्याकडून अभ्यासाचा आराखडा आणि महागड्या तपासण्या घ्याव्यात; तिथे त्यांची खरी गरज आहे. शेतकऱ्याच्या बाजूने एकच हमी लागेल, ती खरेदीची. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने नाचणीला क्विंटलला ४,८८६ रुपये हमीभाव जाहीर केला होता, पण जवळ खरेदी केंद्र नसेल तर डोंगरातला शेतकरी तो भाव फक्त वर्तमानपत्रात वाचतो. अंगणवाडीसाठी गावातच नाचणी विकत घेतली गेली तर हा प्रश्नही बराचसा सुटतो.

वेळापत्रकाचीही एक अडचण आहे आणि ती आत्ताच सांगितलेली बरी. प्रकल्पाची मंजुरी आर्थिक वर्षाप्रमाणे येते, म्हणजे निधी हातात पडेपर्यंत पावसाळा उलटतो. आणि नाचणीचा तरवा (रोपांचा वाफा) तर जूनमध्ये टाकावा लागतो. मुलांची पहिली तपासणी पेरणीच्या आधी, दुसरी नवे धान्य घरात आल्यावर आणि तिसरी उन्हाळ्यात कणग्या रिकाम्या होताना, अशी आखणी केली तरच पिकाचा आणि रक्ताचा संबंध कागदावर येईल. त्यासाठी दोन्ही आवारांतील माणसांची पहिली बैठक निदान फेब्रुवारीत व्हायला हवी, आणि ती बोलावण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आजही आहे.